दुसऱ्याचा दिवा

वसतिगृहात वाढलेल्या माझ्यासारख्याला रोनाल्डो आणि मेस्सी यांच्या गोलांपेक्षा त्यांचे बालपण अधिक जवळचे वाटते. माडेरा बेटावरचा रोनाल्डो बाराव्या वर्षी लिस्बनच्या क्लबात आला. घरच्या आठवणीने तो जवळजवळ रोज रडत असे. अर्जेंटिनातील रोसारिओचा मेस्सी तेराव्या वर्षी बार्सिलोनास पोहोचला; त्याची खुंटलेली वाढ सुधारण्याच्या उपचारांचा खर्च क्लबाने उचलला.

पुढे २००९ पासून नऊ वर्षे एक रेआल माद्रिदकडून, तर दुसरा बार्सिलोनाकडून खेळला. २००८ ते २०१७ या दहा वर्षांत ‘बॅलन डी’ओर’ हा मानाचा पुरस्कार या दोघांवाचून कोणासही लाभला नाही. प्रत्येकास पाच वेळा. एकाने शिखर गाठावे आणि दुसऱ्याने स्वस्थ बसू नये, असाच तो काळ होता. आपण एकमेकांना पुढे नेले, हे रोनाल्डोने २०१९ मध्ये मेस्सीच्या शेजारी बसून सांगितले.

ते ऐकताना मला अभ्यासिकेतला एक सोबती आठवला. गुणांत आमची सदैव चुरस असे. त्याचा दिवा उशिरापर्यंत जळे, म्हणून माझाही जळत राहिला.