बारा वाजून सात मिनिटांनी

रात्री 12:07 वाजता तेरा वर्षांच्या कॉनरच्या खिडकीशी यू वृक्षाचा राक्षस येतो. मुलगा घाबरत नाही. आई कर्करोगाने खंगतेय, त्यापुढे राक्षसाचं काय!

पॅट्रिक नेसची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ ही कादंबरी 2011ची. कल्पना लेखिका शिवॉन डाउडची. कर्करोगानेच 2007मध्ये ती गेली, लिहायचं राहिलं.

कॉनर आजीची नीटनेटकी बैठकीची खोली मोडूनतोडून टाकतो. शिक्षा? कुणीच करत नाही. रागावणंही बंद झालं की पोराला जास्त बोचतं, हे नेसने अचूक हेरलंय. राक्षसाला हवं असतं ते कॉनरचं सत्य: हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटलेलं असतं. किशोरांच्या पुस्तकात एवढं धाडस क्वचितच दिसतं.

2012मध्ये नेसला कार्नेगी आणि चित्रकार जिम के याला केट ग्रीनअवे पदक याच पुस्तकासाठी मिळालं.