कंडेम की दुरुस्ती?

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक फाईल झोपेतसुद्धा ओळखता येते. जुनी वस्तू दुरुस्त करावी, की कंडेम करून नवी घ्यावी? जीप असो, झेरॉक्स मशीन असो, नाहीतर साहेबांच्या केबिनमधला एसी असो, प्रश्न तेच. दुरुस्तीला खर्च किती? वस्तूचं आयुष्य उरलंय किती? आणि नवी वस्तू दारात यायला दिवस किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टिपणीत नीट लिहिलेली असतात. तिसऱ्याचं सहसा नसतं, आणि खरी गोम तिथेच असते.

हे आठवायचं कारण म्हणजे मिग-२१. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. बासष्ट वर्षांची नोकरी! आमच्याकडे साठीला घरी पाठवतात. ते गेलं आणि लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रन २९ वर आल्या. मंजूर संख्या ४२. म्हणजे तेरा जागा रिक्त. तेव्हापासून चहाच्या टेबलावर दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, चीनकडे जे-२० आहे, आपणही सरळ स्टेल्थ विमानं विकत घ्यावी. दुसरा म्हणतो, आहेत ती सुखोई, मिराज, जग्वार सुधारून घ्या, तेवढ्या पैशांत जास्त काम होईल. मी कला शाखेचा पदवीधर, मला एरोडायनॅमिक्स कळत नाही. पण फाईल कळते.

आधी स्टेल्थ म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. रडार विमानावर लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं. स्टेल्थ विमानाचा आकारच असा कोरलेला असतो की लहरी भलत्याच दिशेला जाव्यात. अंगावर लहरी शोषणारा लेप असतो, आणि क्षेपणास्त्रं पंखाखाली न लटकवता पोटात लपवलेली असतात. ते अदृश्य होत नाही, दिसतं, पण उशिरा दिसतं. लढाईत तेवढा उशीर पुरतो. आता यातली मेख अशी की आकार हा जन्माचा असतो. जुन्या विमानाला नवं रडार, नवा संगणक, लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र देता येतं, नवा आकार देता येत नाही. म्हणजे दुरुस्तीने डोळे, कान आणि हात सुधारतात, अंगकाठी तीच राहते.

पण म्हणून दुरुस्तीला नाक मुरडायचं कारण नाही. आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांना महाराजपूरचा विमानतळ माहीत असेलच. तिथे फेब्रुवारी २००४ मध्ये भारत आणि अमेरिकेचा संयुक्त सराव झाला. अमेरिकेची एफ-१५ विमानं आली होती. समोर सुखोई आणि मिराज होतीच, पण पाहुण्यांना चकित केलं ते मिग-२१ बायसननं, म्हणजे नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं बसवलेल्या जुन्याच मिगनं. त्याच ग्वाल्हेरची मिराज-२००० विमानं १९८५ मध्ये आली. १९९९ मध्ये कारगिलला त्यांच्यावर लेझर बॉम्ब टाकण्याची सोय करून घेतली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटला तीच गेली. स्टेल्थची सर्वांत जास्त मिजास असलेली अमेरिकासुद्धा १९७२ साली पहिल्यांदा उडालेल्या एफ-१५ ची सुधारित आवृत्ती आजही नव्याने विकत घेते.

अर्थात दुरुस्ती स्वस्त असते हा गैरसमज. २०१३ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की एका मिराजच्या सुधारणेला १६७ कोटी रुपये लागणार. तेच मिराज २००० साली १३३ कोटींना घेतलं होतं. आमच्या ऑडिटवाल्यांनी अशी टिपणी पाहिली असती तर चष्मा पुसून पुन्हा वाचली असती. पण हे ही तुलनाच फसवी आहे. १३३ कोटींचा भाव जुन्या काळातला. प्रश्न असा असायला हवा की आज तेवढ्या ताकदीचं नवं विमान कितीला आणि केव्हा मिळेल? ३६ राफेलचा २०१६ चा करार शस्त्रं वगैरे धरून सुमारे ५९ हजार कोटींचा होता. त्याच्या शेजारी ठेवलं की १६७ कोटी महाग वाटत नाहीत.

मग दुरुस्ती चुकते कुठे? ती पर्याय न राहता सबब होते तिथे. मिग-२१ बायसन चांगलं विमान झालं, पण त्याला एवढी वर्षं उडवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. त्याच्या जागी येणाऱ्या हलक्या स्वदेशी विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये सुरू झाला, पहिलं उड्डाण २००१ मध्ये झालं आणि तेजसची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ मध्ये. तेहतीस वर्षं. तसंच प्रशिक्षणाचं. नव्या पोरांना थेट मिगवर बसवण्याआधी मधल्या पायरीचं जेट विमान हवं, अशी शिफारस १९८२ मध्ये झाली होती. हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला. ही बावीस वर्षं कुठल्या टेबलावर गेली ते मला विचारू नका, मी टेबलाच्या त्याच बाजूचा माणूस आहे.

त्या वर्षांचा हिशेब कुणी चुकवला? २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, तोवरच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली आणि १७१ वैमानिक गेले. त्यातलं एक नाव मराठी वाचकाला विसरता येणार नाही, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात त्याचं मिग कोसळलं. मुलावरचा ठपका पुसला जावा आणि मिगच्या सुरक्षिततेकडे कुणीतरी बघावं म्हणून आई कविता गाडगीळ वर्षानुवर्षं झगडल्या. प्रत्येक अपघाताला विमानाचं वयच कारण असतं असं नव्हे; हवामान, पक्षी, माणसाची चूक, सगळं असतं. पण ‘तूर्त दुरुस्तीवर भागवावे’ असा शेरा मारणाऱ्याला त्या विमानात बसायचं नसतं, एवढं खरं.

आता दुसऱ्या पक्षाकडे येऊ. नवं घेतलं की चिंता मिटली? आम्हा गोंयकारांना याचा अनुभव घराच्या छपरावरून मिळालाय. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर १९८३ पासून सी हॅरियर होती. हवेत उभं राहून अलगद खाली उतरणारं ते विमान बघायला वास्को-चिखलीची मुलं अभ्यास सोडून धावत. पुढे त्यांना इस्रायली रडार आणि क्षेपणास्त्रं देऊन सुधारलं. घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, उरलेली मे २०१६ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्या जागी आलेलं मिग-२९के कोरं करकरीत होतं. पण कॅगच्या २०१६ च्या अहवालात नोंद आहे की २०१० पासून त्याची ४० इंजिनं, म्हणजे ६२ टक्के, रचनेतल्या दोषांमुळे काढून ठेवावी लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एक मिग वेर्ण्याजवळ पडलं. दोन्ही वैमानिक वाचले, देवाची कृपा. आता नौदलासाठी २६ राफेलचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार एप्रिल २०२५ मध्ये झालाय. नवं म्हणजे निर्धोक असं नसतं, नव्यालाही रुळायला वर्षं लागतात.

स्टेल्थचं तर आणखी वेगळं. जून २०२५ मध्ये ब्रिटिश नौदलाचं एफ-३५बी तिरुअनंतपुरमला उतरलं आणि हायड्रॉलिक बिघाडामुळे पाच आठवडे तिथेच बसून राहिलं. शेवटी ब्रिटनहून तंत्रज्ञ आले, तेव्हा २२ जुलैला उडालं. केरळच्या पर्यटन खात्याने तोवर त्याची यथेच्छ थट्टा केली. आपणही हसलो. पण जरा विचार करा, ज्याचं विमान त्यालाच माणसं बाहेरून आणावी लागली, मग विकत घेणाऱ्याची काय गत? या विमानाचा जीव त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि त्याची किल्ली बनवणाऱ्याकडे. तुर्कस्तान तर एफ-३५ च्या प्रकल्पात भागीदार होता. त्याने रशियाची एस-४०० यंत्रणा घेतली आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला बाहेर काढलं. एस-४०० आपल्याकडेही आहे. रशियाबरोबर पाचव्या पिढीचं विमान बनवायचा घाट आपण घातला होता, त्यातून २०१८ मध्ये बाहेर पडलो.

राहता राहिला तिसरा रस्ता, आपलं आपण बनवायचं. एएमसीए या स्वदेशी स्टेल्थ विमानाच्या आराखड्यासाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी मंजूर झाले. ते हातात यायला २०३५ उजाडेल असं म्हणतात. तेजसचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने त्यात थोडी वर्षं मिळवलेली बरी. तोवर आभाळ राखायचं कुणी? सुधारलेल्या सुखोईंनीच. त्यातली दोनशेहून अधिक आपल्या नाशिकजवळच्या ओझरला जोडली गेली. सांगाडा दणकट आहे, आयुष्य शिल्लक आहे, दुरुस्ती करणारे हात घरचे आहेत. माझ्या मते टिपणी ‘दुरुस्ती मंजूर’ अशीच हवी.

पण एका अटीवर. दुरुस्तीने आपण विमान विकत घेत नाही, वेळ विकत घेतो. दहा-पंधरा वर्षांचा वेळ, हजारो कोटींना. त्या वेळात नव्याची फाईल पुढे सरकली तर पैसे वसूल. आमचे भाई, मनोहर पर्रीकर, संरक्षणमंत्री असताना २०१६ या एकाच वर्षात राफेलचा करार झाला, तेजसची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली आणि आणखी ८३ तेजसना तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्यांच्याशी मतभेद असणारेही गोव्यात पुष्कळ आहेत, पण फाईल कशी हलवायची हे त्या माणसाला कळत होतं. तरी त्या ८३ चा प्रत्यक्ष करार व्हायला २०२१ उजाडलंच.

म्हणून माझं मत एवढंच. दुरुस्तीच्या प्रत्येक टिपणीखाली एक ओळ सक्तीची करावी: नवी वस्तू कोणत्या तारखेला येणार, आणि नाही आली तर जाब कोण देणार. झेरॉक्स मशीनच्या फाईलवर ही ओळ नसली तर फार तर चार कागद काळे निघतात. विमानाच्या फाईलवर नसली, तर कुणाच्या तरी घरी रात्री फोन वाजतो.