आतल्या चाकाची हवा

गाडीचं ओझं रबर पेलत नाही, हवा पेलते. हे मला वडिलांनी सांगितलं तेव्हा मोटरहोम हा शब्द आमच्या साताऱ्याच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. ते एसटी डेपोत टायरच्या कामावर होते. बस आत आली की मागच्या जोडचाकांवर पान्याने एकेक ठोका मारायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "आतला बसलाय." बाहेरून दोन्ही टायर सारखेच उभे दिसत. ठोक्याला मात्र एक टणकन बोले, दुसरा बद्द. पुढे अमेरिकेत ट्रक स्टॉपवर त्याच कामासाठी विकायला ठेवलेली लाकडी दांडकी पाहिली, तेव्हा मी तिथे बराच वेळ उभी राहिले होते.

आमची मोटरहोम फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर बांधलेली आहे. कारखान्याने तिला दिलेली वजनाची कमाल मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे साधारण साडेसहा टन. स्वयंपाकघर, पलंग, पाण्याची टाकी, देव्हारा, पुस्तकं, सगळं भरून ती डेन्व्हरहून निघते तेव्हा सहा टनांच्या आसपास असते. पुढे दोन टायर, मागे चार. प्रत्येकात दर चौरस इंचाला ८० पौंड, म्हणजे ८० पीएसआय, दाब. गणित करून पाहिलं तर एकेका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पसरलेल्या पंज्याएवढा निघतो. एवढ्या सहा जागांवर आमचं घर रॉकी पर्वत चढतं आणि उतरतं. गाडी हे चालवतात. टायरचं खातं माझं.

हवा भरायचा स्वतःचा पंप का बाळगायचा, असं नवीन मोटरहोम घेतलेली मराठी मंडळी विचारतात. पेट्रोल पंपावर हवा मिळतेच की. कॅलिफोर्नियात तर २००० सालापासून इंधन घेणाऱ्याला हवा फुकट द्यावी असा कायदाच आहे. पण ती यंत्रं बहुधा मोटारींसाठी असतात. तीस-पस्तीसचा दाब त्यांच्या हातचा मळ, ऐंशीपर्यंत जाताना पुष्कळांचा दम तुटतो. शिवाय त्या कोपऱ्यात चोवीस-पंचवीस फुटांची गाडी वळवायची कशी? ट्रक स्टॉपवर जोर भरपूर, पण ट्रक स्टॉप हवा तिथे नसतो. युटामध्ये ग्रीन रिव्हर ते सलायना हा आय-७० महामार्गाचा पट्टा शंभर मैलांहून मोठा आहे आणि त्यात एकही पेट्रोल पंप नाही. लाल कातळ, पांढरे उतार आणि वारा, एवढंच.

खरं कारण याहून साधं आहे. टायरचा दाब तो थंड असतानाच पाहायचा असतो. पाच-सात मैल चालवून पंपावर पोचेस्तोवर टायर तापतो, काटा वर चढतो आणि मग तो आकडा कशाशीच जुळत नाही. म्हणून जिथे रात्र काढली तिथेच, चाक हलायच्या आधी हवा भरता आली पाहिजे. सोबत नेता येणारा पंप लागतो तो यासाठी.

ग्रीन रिव्हरच्या तळावरची ऑक्टोबरमधली एक सकाळ आठवते. आदल्या दुपारी सत्तर अंश फॅरनहाइट होतं, पहाटे तीस. ऐंशीच्या दाबाचा टायर दर दहा अंशांच्या उतारासाठी जवळपास दोन पौंड गमावतो. चाळीस अंश म्हणजे सात-आठ पौंड. हवा कुठे गळालेली नसते. आहे तीच आकसलेली असते. "किती गं?" यांनी आतून विचारलं. "बाहत्तर," मी म्हटलं आणि पंपाचे चिमटे बॅटरीला लावले. इंजिन सुरूच ठेवायचं, म्हणजे व्होल्टेज पडत नाही. पंप जोरात तडतडायला लागला. पंचाहत्तरच्या पुढे त्याचा आवाज जड झाला, ठोके दूर दूर पडू लागले. नळीचं पितळी टोक हातमोज्यातूनही पोळत होतं, कारण दाबलेली हवा तापतेच. मिनिट-दीड मिनिटात एक टायर झाला. पूर्वेकडच्या बाजूला ऊन यायच्या आत तिकडची तीन चाकं आधी उरकली. ऊन लागलं की त्या बाजूचा काटा आपोआप वर सरकतो आणि दोन बाजूंची तुलनाच बिघडते.

पंप विकत घेताना लोक खोक्यावरचा मोठा आकडा बघतात. 'कमाल १०० पीएसआय' लिहिलेलं असतं, आपल्याला ८० हवेत, म्हणजे झालं काम, असं वाटतं. तो आकडा पंपाच्या ताकदीचा शेवट असतो. टायरमध्ये आधीच सत्तर-पंचाहत्तरचा दाब असतो आणि त्याहून जास्त दाब तयार केल्याशिवाय व्हॉल्व्हमधून कणभरही हवा आत शिरत नाही. पंपाची खरी परीक्षा शेवटच्या दहा पौंडांत होते. जितका दाब वाढतो तितकी दर मिनिटाला जाणारी हवा कमी होते. खोक्यावर मिरवलेला प्रवाहाचा आकडा बहुधा नळी मोकळी सोडून मोजलेला असतो. म्हणून माझं मत सांगते: ८० लागत असतील तर १५० पीएसआयचा पंप घ्या. डिझेलच्या मोठ्या गाड्यांना १०० ते १२० लागतात, तिथे तर त्याहून कमीचा विचारच नको.

दुसरी गोष्ट विजेची. सिगरेट लायटरच्या खोबणीला सहसा १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज असतो. बारा व्होल्टला पंधरा अँपिअर म्हणजे १८० वॉट. तेवढ्या विजेवर सहा टनांच्या गाडीचे सहा टायर भरणारा छोटा पंप भाजून निघतो. दमदार पंप तीस अँपिअरपर्यंत वीज खातात, म्हणून ते चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचे असतात. घरगुती विजेवरचे, टाकीवाले पंप उत्तम, पण त्यांचं वजन तीस पौंडांच्या घरात आणि सकाळी सहाला तळावर जनरेटर सुरू केलेला शेजाऱ्यांना खपत नाही.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. तिला इथे ड्यूटी सायकल म्हणतात. १०० पीएसआयला ३३ टक्के लिहिलं असेल तर पंधरा मिनिटं चालवा आणि अर्धा तास निवू द्या. सहा टायरची रोजची भर पंधरा मिनिटांत बसते, म्हणून मला ते पुरतं. ज्यांचे टायर आमच्यापेक्षा मोठे आहेत त्यांनी शंभर टक्केवाला शोधावा. नळी मात्र कुणीही लांबच घ्यावी. पंप पुढे बॅटरीपाशी आणि गरज सगळ्यात मागच्या चाकाला, हे अंतर विकत घेण्याआधी मोजपट्टी लावून मोजावं.

किती हवा भरायची, याचं उत्तर टायरच्या कडेवर नसतं. तिथला आकडा कमाल भाराचा. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर कारखान्याचा आकडा असतो. त्याहून पक्कं हवं असेल तर पाणी, इंधन, माणसं, सामान सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी. चाळीस गॅलन पाणी एकटंच दीडशे किलो भरतं. आयोवातल्या वॉलकॉटला १९७७ साली सुरू झालेल्या कॅट स्केलचे काटे आता देशभर ट्रक स्टॉपवर आहेत आणि पुढच्या-मागच्या आसाचं वजन वेगवेगळं देतात. ते टायर कंपनीच्या तक्त्यात पाहिलं की आपल्या गाडीचा आकडा मिळतो.

एकदा ही सवय लागली की टायरच्या आतल्या हवेविषयी वेगळंच प्रेम वाटू लागतं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ वर. तिथे बाहेरच्या हवेचा भार कमी होतो आणि काटा दोन-अडीच पौंड वर जातो. तिथून डेथ व्हॅलीत बॅडवॉटरला, समुद्रसपाटीखाली २८२ फुटांवर उतरलं की भार पुन्हा वाढतो. आपण झोपेत असलो तरी चाकं उंची आणि ऊन-थंडी मोजत बसलेली असतात. पंप जिथे चालवला तिथली हवा आत जाते. एका टायरमध्ये वायोमिंगच्या माळावरची, सेजब्रशच्या कडू वासाची हवा, तीत मोआबची कोरडी, तीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची दमट. सगळ्या मिसळून आमचं घर उचलून धरतात. आणि हे सगळं ज्या बारीकशा व्हॉल्व्हवर टिकून आहे, तो ऑगस्ट श्रेडरच्या नावाचा, १८९३ च्या पेटंटचा. वडिलांच्या डेपोतही तोच होता.

बाहेरच्या चाकांची काळजी सगळेच घेतात. घात करतं ते आतलं. त्यातली हवा कमी झाली तरी शेजारचं चाक त्याचा भार गुपचूप उचलतं, दोघंही तापतात आणि हायवेवर भर वेगात आधी एक फाटतं, मग दुसरं. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण ती १०,००० पौंडांपर्यंतच्या वाहनांना. जोडचाकांच्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. आमच्यासारख्यांनी सेन्सर वेगळे घेऊन बसवायचे. अनेक गाड्यांत बाहेरच्या चाकाचा व्हॉल्व्ह आत तोंड करून असतो आणि आतल्याचा बाहेर, तेव्हा दोन्ही बाजूंनी बसणारं दुतोंडी टोक पंपासोबतच घ्या. ठोक्यावर विसंबू नका. ठोका बसलेला टायर सांगतो, ऐंशीचा साठ झालेला सांगत नाही. गुडघे टेकावे लागले तरी टेका, गेज आतल्या चाकाला लावा आणि आकडा बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.