मुरुडचे माड आणि माडावरील माणूस

दापोलीहून आसूदचा उतार उतरूं लागलें, कीं हवेंत एक प्रकारचा ओलावा येतो आणि माडांचे व पोफळींचे शेंडे दिसूं लागतात. आमच्या कुटुंबाच्या तीन पिढ्या या वाटेनें मुरुडास आल्या आहेत. मुरुड म्हणजे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव, हें वाचकांस ठाऊक आहेच. गांवाची रचना मोठी नामी आहे. मधून सरळ रस्ता, रस्त्याच्या दोहों बाजूंस घरें, प्रत्येक घरामागें वाडी, आणि एका बाजूच्या वाड्यांपलीकडे समुद्र. पहांटे जाग आली तर लाटांचा आवाज कोणता आणि झावळ्यांचा कोणता, हें लवकर उमगत नाहीं.

कोंकणांत जाऊन माड पाहिला नाहीं असा प्रवासी विरळा. परंतु माडावर चढणाऱ्या माणसाकडे मान वर करून किती जणांनीं पाहिलें असेल? आम्हीं स्वतः तरी तें परवांपर्यंत नीट पाहिलें नव्हतें. नारळ पडल्याचा आवाज ऐकावयाचा, ढीग मोजावयाचा, आणि वहींत आंकडा मांडावयाचा, एवढाच आमचा त्या कामाशीं संबंध. यंदा मार्गशीर्षांत चार दिवस वाडींत राहण्याचा योग आला, आणि या अज्ञानाची आम्हांस लाज वाटावी असा एक प्रसंग घडला. तो येथें सांगावयाचा आहे.

ता. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास लागलें आणि दापोली तालुक्यासहि त्यानें झोडपून काढलें. आमच्या वाडींत साठ माड होते. त्यांतील सदतीस एका दुपारींत गेले. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. नंतर नवीं रोपें लाविलीं. परंतु बाणवली जातीचा माड धरावयास सहासात वर्षें लागतात, आणि संकरित जातीसहि चारपांच वर्षें वाट पाहावी लागते. तोंवर घराची भिस्त उरलेल्या तेवीस जुन्या माडांवर, आणि हे सारे उंच. त्यांतले कांहीं वादळानें कलले, ते अजून तसेच कललेले आहेत.

शहरांतील वाचकांस वाटेल, वर्षांतून एकदां कोणी चढावें, नारळ उतरवावे, झालें! परंतु माडाचा संसार तसा नाहीं. चांगल्या माडास साधारणपणें दर महिन्यास एक नवी झावळी आणि एक नवी पोय येते, व पोय उमलल्यापासून नारळ पुरा तयार होण्यास सुमारें बारा महिने लागतात. म्हणून एकाच शेंड्यांत कोंवळीं बोंडें, शहाळीं आणि पक्के नारळ एकत्र नांदत असतात. कोणता घड उतरावयाचा आणि कोणता ठेवावयाचा, हें वर बसूनच ठरवावें लागतें. शिवाय गेंडा भुंगा कोंबांत शिरला असेल तर त्यास तारेच्या हुकानें ओढून काढणें, वाळलेल्या झावळ्या तोडणें, शेंडा साफ करणें, हींहि कामें तेथलींच. लांब काठीस कोयता बांधून ठेंगण्या झाडाचे नारळ खालून पाडतां येतात. पण उंच माडाची नाडी खालून पाहतां येत नाहीं. वाडीचा खरा वैद्य चढणाराच होय.

आमच्या वाडीचा हा वैद्य पुष्कळ वर्षें एकच होता. आम्ही सर्व त्यांस मामा म्हणतों. मामा कोणा एका घरचे गडी नव्हेत. ज्या वाडीचें बोलावणें येईल तेथें जावें, झाडामागें ठरलेलें घ्यावें, आणि पुढची वाडी गांठावी, असा त्यांचा स्वतंत्र धंदा. आमच्या आजोबांच्या वेळीं झाडामागें एक नारळ देत. पुढें पैसे आले. पण हिशेब झाडामागेंच राहिला. मामांचें सामान म्हणजे पायांत दोरीचा वेढा आणि कमरेस कोयता. वेढ्यांत दोन्ही पावलें अडकवून तळवे खोडाच्या दोहों अंगांस दाबावयाचे, हातांनीं खोडास मिठी मारून अंग वर ओढावयाचें, कीं एक टप्पा झाला. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या तोंडीं शेवाळलेल्या खोडावरून त्यांचे पाय सुटले. प्राण वाचला, पण कंबर गेली. आतां ते काठी टेकीत येतात आणि विहिरीच्या कठड्याशीं बसून भाच्यास सूचना देतात.

हा भाचा चोवीसपंचवीस वर्षांचा. नारळ विकास मंडळानें २०११ सालीं 'नारळवृक्षाचे मित्र' या नांवानें चढणाऱ्यांचे सहा दिवसांचे वर्ग सुरूं केले; तसल्या एका वर्गांत तो शिकून आला, आणि तेथें त्यास चढण्याचें यंत्रहि मिळालें. हें यंत्र केरळांतील कण्णूर जिल्ह्यांतल्या चेंबेरी गांवच्या एका कल्पक गृहस्थांनीं बनविलें, म्हणून त्यास चेंबेरीचेंच नांव पडलें आहे. त्याचे दोन सुटे भाग असतात, एक डाव्या पायाचा व एक उजव्या. प्रत्येकास तारेच्या दोराचा वेढा असून तो खोडाभोंवतीं घालून अडकवावयाचा. माणसाचा भार पडला कीं वेढा खोडास आवळून बसतो. भार काढला कीं सैल होऊन वर सरकतो. एका पायावर उभें राहावें, दुसरा भाग हातानें व पायानें उचलावा. जिना चढावा तसें हें चढणें. कोईमतूरच्या कृषि विद्यापीठाचें दुसरें एक यंत्र आहे. त्यांत बैठक असते, आणि माणूस बसून पायांनीं खालचा सांगाडा वर ओढून घेतो. तें अधिक स्वस्थपणाचें खरें, परंतु जड आणि सावकाश. भाच्यानें तें हाताळून पाहिलें होतें. तो म्हणाला, "एका वाडींतून दुसऱ्या वाडींत खांद्यावरून न्यायचें तर चेंबेरीचेंच बरें. कललेल्या झाडावर मात्र दोन्ही त्रास देतात."

इतकें सारें आम्हीं कौतुकानें ऐकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो कामास आला, तों हातांत यंत्र नाहीं! पायांत तोच मामांचा वेढा, कमरेस तोच कोयता. आमच्या काकू वाडीचा सारा व्यवहार पाहतात. त्यांनीं विचारलें, "अरे, तुझें यंत्र कोठें आहे?"

"घरीं आहे, काकू."

"फुकट मिळालेली वस्तु घरीं ठेवून जीव कशाला धोक्यांत घालतोस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खालीं पाहून म्हणाला, "काकू, तुम्ही पैसे झाडामागें देतां. यंत्र प्रत्येक झाडास लावायचें, वर गेल्यावर सांभाळायचें, खालीं येऊन सोडायचें. त्यांत वेळ जातो. यंत्र फुकट मिळालें, पण वेळ कोण देणार?"

काकूंस उत्तर सुचलें नाहीं. आम्हांसहि सुचलें नाहीं. मामांची दृष्टि विहिरींतील पाण्याकडे होती. ते म्हणाले, "त्या दिवशीं मलाहि घाईच होती. पाऊस भरून आला होता. एवढीं दोन झाडें उरकून टाका, असें मालक म्हणाले." कोणाची ती वाडी, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं. तें वाक्य आमच्या घरांत कधींच कोणी उच्चारलें नाहीं, असें छातीस हात लावून सांगण्याची आमची तयारी नव्हती.

मग आम्हीं एक केलें. त्यास घरून यंत्र आणावयास सांगितलें, आणि घड्याळ घेऊन बसलों. दोरीच्या वेढ्यानें एक माड चढून, घड उतरवून, शेंडा पाहून खालीं येण्यास त्याला सुमारें सहा मिनिटें लागलीं; यंत्रानें दहा. फरक चार मिनिटांचा. तेवीस झाडांचा हिशेब केला, तों दीड तास भरला. मामांची कंबर ज्या तराजूंत घातली गेली, त्याच्या दुसऱ्या पारड्यांत असा दीड तास होता! आमच्या दृष्टीनें तो कांहींच नव्हे. पण भाच्याच्या दृष्टीनें त्या दीड तासांत दुसऱ्या कोणाच्या वाडींतील पंधरा झाडें होतात. म्हणजे चढणाऱ्यानें कोणतें साधन वापरावें, हें तो निवडतो असें आपण समजत होतों. वास्तविक तें दर ठरविणारा मालकच निवडीत असतो.

दुपारीं जेवणें झाल्यावर काकूंनीं वही पुढें ओढली आणि झाडामागचा हिशेब बंद केला. तेवीस माडांच्या एका फेरीस यंत्रानें जितका वेळ लागेल, तितक्याची पुरी मजुरी द्यावयाची. चढणें यंत्रावरूनच, आणि त्याच्या जोडीस कमरेचा सुरक्षा-पट्टा. शेवाळ ओलें असतां चढावयाचें नाहीं, मग नारळ पडून फुटले तरी चालतील. जे माड फार कलले आहेत, त्यांच्या खोडास पाय ठेवण्यासाठीं खांचा पाडाव्या, अशी एक सूचना आली. पण मामांनींच ती मोडून काढली. अशा जखमेंतून सोंड्या भुंगा शिरतो आणि माड आंतून पोखरतो. त्या झाडांचे नारळ पिकून आपोआप पडेपर्यंत वाट पाहावी, व त्यांखालून जाणेंयेणें बंद ठेवावें, असें ठरलें. चढणाऱ्यांसाठीं नारळ विकास मंडळाची विम्याची योजना आहे. तिचा हप्ता वाडीच्या खर्चांत धरावा, हेंहि काकूंनीं लिहून ठेविलें.

भाच्यानें सारें ऐकून घेतलें, पण त्याचा चेहरा उजळला नाहीं. तो म्हणाला, "तुमचें ठीक आहे, काकू. पण शेजारच्या वाडींत मला दोरीनेंच चढावें लागणार." त्याचें म्हणणें खरें होतें. म्हणून संध्याकाळीं काकू स्वतः चार घरीं गेल्या. दोन घरांनीं होकार दिला. तिसऱ्यानें पाहूं म्हटलें. चौथ्या घरीं, "पूर्वींपासून असेंच चालत आलें आहे," हें उत्तर मिळालें. पूर्वींपासून माणसेंहि पडत आलीं आहेत, हें काकू तेथें बोलल्या नाहींत; घरीं येऊन बोलल्या.

निघावयाच्या सकाळीं तो पुन्हां आला. राहिलेलीं झाडें त्यानें यंत्रावरून केलीं. तारेचा वेढा आवळल्याचा करकर आवाज, मग थोडी शांतता, मग पुन्हां तोच आवाज, अशा संथ चालीनें तो वर जात होता. मामा कठड्याशीं बसून होते, आणि त्या दिवशीं त्यांनीं एकहि सूचना दिली नाहीं. आम्हीं घड्याळ घरांतच ठेविलें होतें.

ज्या वाचकांच्या वाड्या कोंकणांत अगर गोव्यांत आहेत, त्यांनीं पुढच्या खेपेस नारळ मोजण्यापूर्वीं एकदां मान वर करून पाहावें, आणि वरच्या माणसाच्या पायांत काय आहे तें पाहून आपल्या दराचा विचार करावा, एवढीच विनंती.