जाळीची डिश आणि लेकीचा प्रश्न

आमच्या नारायणगावची ओळख बाहेरचे लोक तीन गोष्टींवरून सांगतात. तमाशा, टोमॅटो आणि खोडदच्या डिशा. पहिल्या दोन माझ्या ओळखीच्या. उन्हाळ्यात मी टोमॅटोच्या बाजारात निवडणीला जाते, थंडी सरताना द्राक्षाच्या बागेत. डिशा मात्र जाता-येता नुसत्या दिसायच्या. त्यांच्याविषयी वस्तीवर ऐकलेले एवढेच, "यांच्यापायी इकडे कारखाने येत नाहीत. रेल्वेचेही यांच्यामुळेच अडले."

लेक आठवीत असताना हट्टाला पेटली. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदला प्रदर्शन भरते. शाळेतली मुले आपापले प्रयोग मांडतात आणि डिशा जवळून पाहता येतात. द्राक्षाच्या तोडणीचे दिवस होते. एका रोजावर पाणी सोडून मी तिला घेऊन गेले. तिथे आधी मोबाइल बंद करायला लावले. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात, की मोबाइलच्या गलक्यात त्या बुडून जातात. कारखान्यांना आडकाठी का, ते मला त्या दिवशी कळले.

डिशेखाली उभी राहून लेकीने विचारले, "ही तर नुसती जाळी आहे. हिच्यातून लहरी गळून जात नाहीत?"

माहिती सांगणारा मुलगा हसला नाही. त्याने नीट समजावले. या लहरी लांब असतात आणि जाळीची भोके त्यांच्यापुढे फारच लहान. म्हणून लहरी जाळीवर आपटून परत फिरतात. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा जोर कमी, म्हणून सांगाडा हलका, आणि हलका म्हणून खर्चही कमी. पोलादी तारांचे दोर ताणून त्यांवर ही जाळी बसवली आहे. अशा ३० डिशा, प्रत्येक ४५ मीटर रुंदीची. १४ खोडदजवळ एकत्र, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. सगळ्या मिळून एकच दुर्बीण.

ही युक्ती प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची. त्यांचा जन्म १९२९ सालचा, उत्तर प्रदेशातला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून ते होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ साली परत आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लागले. आधी कल्याणला लहान डिशा उभ्या केल्या, मग १९७० साली उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण, आणि त्यानंतर आमचे खोडद. परदेशातली महागडी वस्तू जशीच्या तशी आणायची नाही, आपल्या ऐपतीत बसेल अशी आपणच घडवायची, ही त्यांची रीत.

दुर्बीण उभी करून ते थांबले नाहीत. शास्त्रज्ञ एकीकडे आणि शिकणारी मुले दुसरीकडे, हे त्यांना पटत नव्हते. बारावीनंतर पहिल्या वर्षापासून मुलांनी संशोधन करणाऱ्यांच्या हाताखाली शिकावे, असा पाच वर्षांच्या शिक्षणाचा प्रस्ताव त्यांनी प्राध्यापक वि. गो. भिडे यांच्यासह सरकारपुढे मांडला आणि त्याचा पाठपुरावा केला. त्या विचारातून २००६ साली पुणे आणि कोलकाता येथे 'आयसर' संस्था सुरू झाल्या. आज देशात अशा सात आहेत. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात वारले. मी त्यांना कधी पाहिले नाही.

यंदा लेक दहावी झाली. तिला विज्ञान घ्यायचे आहे, पुढे आयसरची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे. तिचा मामा म्हणतो, "नर्सिंगला घाल. लवकर हाताशी येईल." मामा वाईट सांगत नाही. घरात टेम्पोचा एक पगार आणि माझा रोज. पाच वर्षे म्हणजे काय, हे मला महिन्याच्या वीस तारखेला कळते.

पण मी दुसराही हिशेब करते. वस्तीवरची पोरे कामासाठी चाकणला जातात. कारखाने आले नाहीत हे खरे, आणि ती झळ आपण सोसली हेही खरे. मग त्या दुर्बिणीतले शिक्षण तरी आपल्या पोरांच्या पदरात पडायला नको का? दारातली वस्तू आपण वर्षातून एकदा पाहून यायचे आणि आत बसून काम करणारे सगळे बाहेरून यायचे, हे मला पटत नाही.

मी मामाला सांगितले, "दोन वर्षे थांबू. परीक्षा देऊ दे. नाहीच झाले तर नर्सिंग कुठे पळून जात नाही."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या प्रवेशाला लेकीबरोबर तोच गेला. शिष्यवृत्तीला कोणकोणते दाखले लागतात, तेही विचारून आला. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला मी सोमवारी जुन्नरला निघाले आहे. आणखी एक रोज बुडेल. बुडू दे.