‘माणूसघाणा’ म्हणणाऱ्यांसाठी

चि. बबडीस,


तुझं पत्र पोचलं. बारशाला गेलात, तिथं तुझ्या मामेसासूबाईंनी हात पुढे करताच बाळानं भोकाड पसरलं आणि कुणी म्हणालं, ‘माणूसघाणा होणार हा!’ हे तू मनाला लावून घेतलंस. अगदी लावून घेऊ नकोस.

जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच बाळ आईचा आवाज ओळखतं. दीड-दोन महिन्यांनी समोरच्याकडे पाहून हसायला लागतं, आणि ते हसू तेव्हा येईल त्याच्या वाट्याला येतं. सात-आठ महिन्यांपुढे मात्र आपलं कोण, परकं कोण हे त्याला नीट कळू लागतं. तुझा लेक रडला तो या कळण्यामुळे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन आई आणि बाळं पाहत होत्या. आई जवळ असली की बाळं बिनधास्त रांगत लांब जायची आणि मध्येच तिच्याकडे परतून यायची. आईखेरीज घरातल्या इतरांचाही त्यांना लळा असे. तो सहवासानंच लागतो, हात पुढे केल्यानं लागत नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. मोठ्या टेबलावर जाड काच. अर्ध्या भागात काचेखाली लगेच जमीन दिसते, पुढे ती एकदम खाली गेल्यासारखी वाटते. वर्षाची बाळं रांगत त्या कडेपर्यंत येत, थबकत आणि पलीकडे उभ्या आईकडे पाहत. आईनं बोलायचं नाही, नुसता चेहरा दाखवायचा. हसरा चेहरा दिसलेल्या १९ बाळांपैकी १४ जणं पार गेली. घाबरा चेहरा दिसलेल्या १७ पैकी एकही गेलं नाही.

म्हणजे पाहुणा कसा आहे, हे बाळ तुझ्या तोंडावर वाचतं. तू अवघडून बसलीस की तेही आक्रसतं. म्हणून आलेल्या माणसाशी तू आधी निवांत बोल. बाळ तुझ्या मांडीवरच असू दे. पाहुण्यांनी खाली सतरंजीवर बसावं, त्याच्याकडे टक लावू नये, वाटी-चमचा वाजवणं नाहीतर पदराआडून ‘बुवा कुक’ एवढंच करावं. बालवाडीत इतकी वर्षं मी पाहिलं, ज्या मुलाला वेळ मिळतो ते आपण होऊन येतं. ओढून घेतलेलं मूल मात्र दुसऱ्या दिवशी दारातच रडतं.

आणि पुढे दोन वर्षांचा झाल्यावर तो इतर मुलांच्या शेजारी बसून आपल्यापुरताच खेळेल, तेव्हाही कुणी नावं ठेवतील. तेही त्या वयाला धरूनच असतं.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव; त्या समजूतदार आहेत. आणि यापुढे कुणी हात पुढे केले, तर आधी बाळाकडे बघ. ते मागे सरलं, तर सरळ सांग, ‘थोड्या वेळानं येईल हं तो.’ मी आले की मलाही हेच सांग.

तुझी
मावशी