सप्रे, कर्क आणि एक बनावट नोट

माझे वडील बँकेत हेडकॅशियर होते आणि मी बँकेतच कारकून आहे. एका पिढीत घराण्याने केलेली ही प्रगती पाहून नातेवाईक हळहळतात. पण अण्णांच्या बोटांपुढे मी काय, आमचे मॅनेजरही कारकूनच ठरले असते. खोटी नोट अण्णांच्या बोटांना कळत असे. प्रकरण डोळ्यांपर्यंत जातच नसे. बँकेचा नियम असा आहे की काउंटरवर खोटी नोट आली तर ती आणणाऱ्याला परत द्यायची नाही. तिच्यावर शिक्का मारायचा, ती जप्त करायची आणि त्या माणसाला पावती द्यायची. अण्णांना निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, तरी त्यांचा काउंटर चालूच आहे. आंबा, श्रीखंड, गवई, पुढारी, भावी जावई, काहीही समोर आले की अण्णा ते मनातल्या मनात उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "बनावट." फक्त हल्ली पावती मिळत नाही.

त्यामुळे आमचे चिरंजीव एका रविवारी टीव्हीपुढे बसून, "आजोबा, 'ऑर्व्हिल' बघू या. अगदी 'स्टार ट्रेक'सारखी आहे," असे म्हणाले, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. पुण्यात एखादी गोष्ट बुडवायची असेल तर ती दुसऱ्या कशासारखी तरी आहे असे सांगावे. 'सारखी' शब्द ऐकताच अण्णांनी वर्तमानपत्र उंच धरले. पलीकडून आवाज आला, "बनावट."

एवढा एक शब्द मिळाला म्हणूनही मला बरे वाटले, हे आधीच सांगून टाकतो. २०२३ साली आई गेली, तेव्हापासून अण्णा बोलायचेच कमी झाले होते. चहाला 'हो', जेवणाला 'पुरे', आणि रात्री 'दिवा मालव' एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. टीव्ही लावला तर बघत, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघत.

आता 'स्टार ट्रेक' आणि अण्णा यांचा संबंध सांगितला पाहिजे. ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे चालली, एकूण ७९ भाग झाले आणि मग बंद पडली. आमच्याकडे ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी आली. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. पुण्यात दूरदर्शन दिसायचे ते सिंहगडावरच्या टॉवरमुळे. तानाजी ज्या गडावर चढला, त्या गडावरून दर रविवारी कॅप्टन कर्क उतरून थेट आमच्या शटरवाल्या टीव्हीत यायचा. टीव्ही काळा-पांढरा. 'स्टार ट्रेक'मध्ये लाल सदरा घातलेला खलाशी परग्रहावर उतरला की तो मरणार, हे तिकडच्या लोकांना सदऱ्यावरूनच कळायचे, असे मला पुढे तीस वर्षांनी समजले. आमच्या टीव्हीवर सगळ्यांचेच सदरे करडे. कोण मरणार हे आम्हाला शेवटपर्यंत कळत नसे. ही चैन तिकडच्या रंगीत टीव्हीवाल्यांना कुठली!

इंग्रजी मात्र कुणालाच कळत नव्हते. मला नाही, आईला नाही, आणि जमणाऱ्या शेजाऱ्यांना तर नाहीच. अण्णा बी.कॉम. होते, पण पुण्यातल्या बी.कॉम.चे इंग्रजी चेकवर सही करण्यापुरते. तरीही ते संपूर्ण भाग मराठीत सांगत, आणि तोही मोठ्याने. टोकदार कानांचा स्पॉक त्यांच्या तोंडी 'सप्रे' झाला, कारण हिशेबाला चोख आणि चेहऱ्यावर माशी हलायची नाही, असे एक सप्रे त्यांच्या शाखेत होते. इंजिनाशी झटणारा स्कॉटी हा 'वायरमन सखाराम'. 'एंटरप्राइज' या जहाजाचे सरळ भाषांतर 'उद्योग'. कर्काचे नाव मात्र बदलावे लागले नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "कर्क राशीचा का तो? पाण्याची रास. फिरतीवरच असायचा."

एका भागात 'ट्रिबल' नावाचे केसाळ गोळे होते. त्यांना खाणे आणि वाढणे एवढेच ठाऊक. सप्रे आकडा सांगतात: एका वेताला दहा पिल्ले, दर बारा तासांनी एक वेत, तीन दिवसांनी किती? अण्णांना अमेरिकन उच्चार कळत नसत, पण आकडा कुठल्याही भाषेत कळे. त्यांनी कालनिर्णयचे पान उलटे केले आणि पेन्सिल काढली. एकाचे अकरा, अकराचे एकशे एकवीस, असे सहा वेळा. पात्रे काय बोलत होती याकडे दहा मिनिटे कुणाचे लक्ष नव्हते. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली. "सतरा लाख एकाहत्तर हजार पाचशे एकसष्ट. सप्रे बरोबर आहेत. पैचा फरक नाही." मला चक्रवाढ व्याज समजले ते त्या दिवशी. पुढे कॉमर्सला गेलो याचे खापर मी अजूनही ट्रिबलांवर फोडतो.

त्यानंतर नकला आल्या. दूरदर्शनवरच 'स्पेस सिटी सिग्मा' आली. तिच्यात कॅप्टन तारा होता, शक्ती होती आणि झखाकू नावाचा खलनायक होता. मुले खूश; अण्णांनी पहिल्याच भागाला शिक्का मारला. १९९८ मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, मिलिंद सोमण अंतराळात गेला, आणि आमच्या कॉलेजातल्या मुली प्रथमच विज्ञानकथेकडे वळल्या. अण्णा म्हणाले, "तब्येत खरी आहे. बाकी बनावट." मी दोन्ही मालिका आवडीने पाहिल्या, पण चोरून, शेजाऱ्यांकडे.

'ऑर्व्हिल'चे प्रकरण जरा वेगळे आहे. ही सेठ मॅकफार्लेनची मालिका सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. तीन हंगाम, ३६ भाग. हा गृहस्थ 'फॅमिली गाय' या वात्रट कार्टूनमुळे प्रसिद्ध, त्यामुळे सगळ्यांना वाटले की आता 'स्टार ट्रेक'ची टिंगल होणार. सुरुवातीचे भाग पाहून समीक्षकांनीही झोडपले. त्यांची चूक म्हणवत नाही. पहिल्या दोन-चार भागांतले काही विनोद वडिलांशेजारी बसून पाहण्याजोगे नाहीत. पण टिंगल करणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. तोच लख्ख उजेडातला बोळ, तीच सुर्रकन उघडणारी दारे, तेच टेबलाभोवती बसून घेतलेले निर्णय. जुन्या 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या पिढीवर लिहिणारा ब्रॅनन ब्रागा इथे आहे. त्यात रायकर झालेला जोनाथन फ्रेक्स इथे दिग्दर्शन करून जातो. डॉक्टरीण झालेली पेनी जॉन्सन जेराल्ड 'स्टार ट्रेक'च्याच एका शाखेतून बदलून आलेली. आणि गंमत अशी की त्याच महिन्यात, दोन आठवड्यांनी, 'स्टार ट्रेक'वाल्यांनी स्वतःची नवी मालिका काढली, ती अंधारी आणि गंभीर. जुने चाहते चक्रावले. अस्सल पेढीवरची नोट ओळखू येईना आणि शेजारच्या दुकानातली अगदी ओळखीची वाटू लागली.

कथेत कॅप्टनच्या हाताखाली दुय्यम अधिकारी म्हणून त्याची घटस्फोटित बायको येते. बदल्यांचे ऑर्डर काढणाऱ्यांना त्या शतकातही माणसे कळत नाहीत, हे पाहून मला फार आपलेपणा वाटला.

मी अण्णांशी वाद घातला. (दोन वर्षांत प्रथमच वाद घालण्याइतके ते बोलले, म्हणून मी तो लांबवलाही.) मी म्हटले, "अण्णा, तुमचं 'संशयकल्लोळ' तरी कुठलं? मूळ फ्रेंच मोलिएरचं. देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो. 'ती फुलराणी' तर तुम्ही तीनदा पाहिलीत, ती बर्नार्ड शॉची."

"ते रूपांतर. हे नक्कल."

"फरक काय?"

"रूपांतर करणारा मूळ पचवतो. नक्कल करणारा ओकतो."

मी नारळीकर काढले. पुण्यात विज्ञानकथेवर वाद घालायचा आणि नारळीकर काढायचे नाहीत म्हणजे पत्त्यांत एक्का असून पास म्हणण्यासारखे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने. आद्याक्षरे उलटी करून. आणि पहिले बक्षीस मिळवले. "म्हणजे पाकिटावरचं नाव खोटं, आत नोट खरी. काय शिक्का माराल?"

अण्णांनी वर्तमानपत्र खाली घेतले. "लाव," म्हणाले. "एकच भाग."

घाई करण्यापूर्वी एकदा मूळ 'स्टार ट्रेक' उजळून घ्यावे म्हणून मी रात्री चिरंजीवांच्या लॅपटॉपवर तो ट्रिबलांचा भाग लावला. खाली इंग्रजी अक्षरे येत होती. पाच मिनिटांत मी ताठ बसलो. माझ्या आठवणीत ही गोष्ट अन्नधान्य महामंडळाच्या गोदामाची होती. स्टॉक रजिस्टर जुळत नव्हते, एक कारकून सावकारांना फितूर होता, आणि शेवटी सखारामने सगळी पिल्ले सावकारांच्या खात्यात वर्ग केली. पडद्यावर धान्य होते, फितूर मदतनीसही होता, पण रजिस्टर कुठेच नव्हते. सावकार म्हणजे क्लिंगॉन नावाचे शत्रू. वर्ग मात्र खरोखरच केली होती, त्यांच्या जहाजात. सतरा लाख एकाहत्तर हजार पाचशे एकसष्ट, तेही खरे.

म्हणजे चाळीस वर्षे मी ज्या मालिकेचा चाहता म्हणवतो, ती मी कधी पाहिलीच नव्हती. मी अण्णांचे रूपांतर पाहिले होते. लॅपटॉप बंद करून बराच वेळ अंधारात बसलो होतो. तेव्हा दुसरी एक गोष्ट लक्षात आली. आम्ही सगळे तर टीव्हीसमोरच बसलेलो असायचो. मग अण्णा एवढ्या मोठ्याने का सांगत? रविवारी आईला स्वयंपाकघरातून हलता येत नसे. तिकडून दर पाच मिनिटांनी भांड्यांच्या आवाजात तिचा प्रश्न येई, "मग? पुढे काय झालं त्याचं?"

'ऑर्व्हिल'चा पहिला भाग अण्णांनी निर्विकारपणे पाहिला. दुसऱ्याला डुलकी काढली. तिसऱ्या भागात बोर्टस नावाच्या अधिकाऱ्याची गोष्ट आहे. त्याच्या जमातीत सगळे पुरुषच, आणि त्याला होते मुलगी. जमात म्हणते, ही चूक आहे, हिला मुलगा करा. खटला होतो, आणि निकाल मुलीच्या बाजूने लागत नाही. मालिका विनोदी समजून बसलेला माणूस इथे सावरून बसतो. अण्णाही बसले. भाग संपल्यावर म्हणाले, "तुझी आत्या झाली तेव्हा आजोबांनी बर्फीसुद्धा वाटली नव्हती." मग पाणी मागितले. थोड्या वेळाने, "उद्या चौथा ना?"

'सारखी' आहे म्हणून पाहावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर तेव्हाच झाले. जुन्या चाहत्याने पाहावी. पहिले काही भाग दात-ओठ खाऊन, दुसरा हंगाम मांडी ठोकून, आणि तिसरा सुट्टी काढून, कारण त्यातले भाग सिनेमाएवढे लांब आहेत. सवयीने चुका काढायला बसावे, त्याही सापडतील. अण्णांची सगळ्यात मोठी तक्रार पैशाची निघाली. त्या काळात वस्तू यंत्रातून हवी तेवढी निघते, म्हणून पैसाच उरलेला नाही. माणसाची पत हीच त्याची संपत्ती. अण्णा अस्वस्थ झाले. "मग पगार?" नाही. "पेन्शन?" नाही. "आणि ही जी पत म्हणतात, तिचं लेजर कोण लिहितो?" यावर मॅकफार्लेनकडेही उत्तर नसावे.

शिक्क्याबद्दल मी विचारले नाही. त्यांनीच एकदा, चहा पिताना, सांगितले. "जुनी मळकी नोट आणली की आपण बदलून नवी देतो. नंबर वेगळा असतो. किंमत तीच. पण दोन्ही नोटा हाताळल्याशिवाय कळत नाही."

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर आयझॅकचा भाग आला. हा केलॉन ग्रहावरचा यंत्रमाणूस. माणसांचा अभ्यास करायला जहाजावर राहिलेला, आणि त्याचे जातभाई माणसांवर उलटतात. रविवारची सकाळ होती. सौ. स्वयंपाकघरात थालीपिठे लावत होती. तिला या जुन्या प्रकाराची काही कल्पना नव्हती. मी तिला सांगितलेच नव्हते. तव्यावर झाकण आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा प्रश्न,

"काय हो, मग? पुढे काय झालं त्याचं?"

अण्णांनी मान वळवली. क्षणभर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मग घसा खाकरला, आणि दोन वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज लावला.

"अगं, हा आपल्या सप्र्यांचा आतेभाऊ! ऑडिटला आला होता. वर्षभर राहिला आपल्यात, चहासुद्धा घेतला नाही कुणाचा. मला तेव्हाच संशय आला होता. आता वरून ऑर्डर आलीय, शाखाच बंद करा म्हणून!"

"आजोबा, तसं नाहीये, ते केलॉन..." चिरंजीव म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"मग करतो का बंद?" आतून.

"थांब, सांगतो. डॉक्टरणीचं पोरगं आहे ना, त्याच्यात अडकलाय..."